आमच्या शाळेतला टेप

साक्रीहून पश्चिमेला जाणारी एसटी तासाभराने एका फाट्यावर सोडायची. तिथून अर्धा तास पायी चाललं की आमचं गाव यायचं. ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती. मी जळगावात वाढलेली, वडील पोस्टात. डी.एड. झाले आणि पहिलीच नेमणूक या गावच्या प्राथमिक शाळेत मिळाली. दोन खोल्या, चार इयत्ता, दोन शिक्षक. तिसरी-चौथी मुख्याध्यापकांकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. मुख्याध्यापकांना अख्खं गाव नुसतं 'गुरुजी' म्हणायचं, म्हणून मीही तेच म्हणू लागले. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, पांढरा लेंगा-सदरा, टोपी, आणि बोलणं अगदी पुस्तकातल्यासारखं. शेजारच्याच गावचे असूनही त्यांच्या तोंडून अहिराणी शब्द म्हणून मी कधी ऐकला नव्हता.

मुलं मात्र अहिराणीशिवाय काही बोलत नव्हती. आमच्या जळगावच्या घरीही थोडीफार खानदेशी बोली बोलली जायची, पण हे बोलणं माझ्या कानाला फार जलद होतं. आणि अहिराणीत 'ळ' नाही, त्याच्या जागी 'य' येतो, हे मला डी.एड.ला कुणी सांगितलं नव्हतं. मी फळ्यावर 'शाळा' लिहायची आणि म्हणायची, "म्हणा, शाळा."

"शाया!"

"नाही. जीभ वर न्या. ळ."

"ळ!"

"शाब्बास. आता म्हणा, शाळा."

"शाया!"

चौतीस मुलं, आणि एकाच्याही चेहऱ्यावर खोडसाळपणा नाही. ती मनापासून म्हणत होती. मी मात्र चिडायची. पुन्हा म्हणायला लावायची, पट्टी टेबलावर आपटायची. हळूहळू मुलांनी बोलणंच सोडून दिलं. दिवाळीपर्यंत माझा वर्ग इतका शांत झाला, की गावातले लोक म्हणू लागले, बाईंची शिस्त चांगली आहे. मला ते खरंच वाटलं.

दिवाळीनंतर एका दुपारी गुरुजी साक्रीहून परतले ते मांडीइतका एक खोका उपरण्यात गुंडाळून. पंचायत समितीच्या कार्यालयातून निवडक शाळांना साहित्य मिळालं होतं. खोक्यात काळा चकचकीत टू-इन-वन निघाला. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेला, वर धरायला मूठ. सोबत कॅसेटी, काही धड्यांच्या आणि दोन कोऱ्या. गुरुजींनी त्याच्यावरून दोनदा हात फिरवला आणि तो तसाच लोखंडी कपाटात ठेवला. त्या कपाटात आधीपासून पृथ्वीचा गोल होता. तोही वर्तमानपत्रात गुंडाळलेला, कुणी न वापरलेला.

"गुरुजी, लावून तरी बघू या," मी म्हटलं.

"बाई, बिघडला म्हणजे? उत्तर कोण देणार? माझी दोन वर्षं राहिलीत. निष्कलंक घरी जाऊ द्या मला."

मुलांना अर्थातच वास लागला होता. मधल्या सुट्टीत खिडकीच्या गजांना नाकं लावून ती विचारायची, "गुरुजी, कपाटमा काय शे?" गुरुजी शुद्ध मराठीत उत्तर द्यायचे, "तिथे काहीही नाही."

असा महिना गेला. मग धुळ्याहून पत्र आलं. ज्या शाळांना टेप मिळाला, त्या प्रत्येक शाळेतून एका शिक्षकाने पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला यावं. गुरुजी म्हणाले, "तुम्ही जा. तुमचं शिकायचं वय आहे." स्वतःची सुटका झाली म्हणून त्यांनी मला फाट्यापर्यंत पोचवलंसुद्धा.

धुळ्याच्या त्या हॉलमध्ये आम्ही चाळीसेक शिक्षक होतो. समोर टेबलावर भरतकामाचा टेबलक्लॉथ आणि त्यावर टेप ठेवलेला. उद्घाटनात त्याला झेंडूचा हार घातला होता, तो पाचही दिवस तसाच राहिला. शिकवणारे सर तरुण, स्वभावाने भले. पण टेप एकच आणि तोही त्यांच्या सहीने घेतलेला.

"कृपा करून कुणी हात लावू नका," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मग त्यांनी फळ्यावर टेपची मोठी आकृती काढली, एकेका बटणाला बाण काढून नाव दिलं आणि आम्ही ती वहीत उतरवून घेतली. दुसऱ्या दिवशी दृक्-श्राव्य साधनांचे फायदे लिहून घेतले, तिसऱ्या दिवशी मर्यादा. टेप काही वाजला नाही.

माझ्या शेजारी धुळ्यातल्याच उर्दू शाळेच्या एक शिक्षिका बसायच्या. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या, हसऱ्या. सगळा हॉल त्यांना आपा म्हणायचा. आकृती उतरवून घेताना त्या तोंडावर ओढणी धरून हसत होत्या.

"काय झालं?" मी हळूच विचारलं.

"सरांनी पुढे जायचं बटण मागे लावलंय आणि मागे जायचं पुढे."

"तुम्हाला कसं कळलं?"

"माझे अब्बा रेडिओ दुरुस्त करतात. आमच्या घरात पोरी भाकरी नंतर शिकल्या, तारा झाळून जोडणं आधी. चला संध्याकाळी, दाखवते."

बाजारामागच्या एका बोळात ते दुकान होतं. दुकान म्हणजे एक मोठं कपाटच म्हणा. तिन्ही भिंतींना पोट उघडलेले रेडिओ, वितळलेल्या राळेचा वास, आणि मधे चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेले अब्बा. त्यांचं बोलणं अर्धं हिंदी, अर्धं अहिराणी, मला बघून मधेच शुद्ध मराठी.

"बसा, बेटी. टेप शिकायचाय? मग हे धरा." त्यांनी माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला आणि एक जुना टेप पुढे सरकवला. "खोलो."

मी तोवर जेवणाच्या डब्याखेरीज काही उघडलेलं नव्हतं. "मोडला तर?"

"मोडेल तर मी कशाला बसलोय? हाई तं लोखंड शे, चावस नही."

चार स्क्रू काढले. झाकण निघालं. आत मला वाटलं होतं तसं काही भयंकर नव्हतं. दोन छोटी चाकं, एक रबराचा पट्टा, थोड्या तारा आणि नखाएवढा एक चकाकता तुकडा. अब्बांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. "ये देखो. हा याचा कान. आणि बोलायच्या वेळी हीच याची जीभ. ऐकतो यानेच, बोलतो यानेच. धूळ बसली की बहिराही होतो आणि बोबडाही. मग काय करायचं? कापूस, दोन थेंब स्पिरिट, बस्."

त्यांनी माझ्याकडून तो टेप सगळा उघडून पुन्हा जोडून घेतला. जोडून झाला तेव्हा माझ्या हातात एक स्क्रू उरला.

"उरला? मग अजून एकदा," अब्बा म्हणाले.

दुसऱ्यांदा काही उरलं नाही. मग आपांनी मुद्दाम एका कॅसेटची फीत बोटाने ओढून तिचा गुंता केला आणि पेन्सिलीने ती परत कशी गुंडाळायची ते दाखवलं. शेवटी लाल बटण दाबून अब्बा म्हणाले, "काहीतरी बोला."

"मी... मी काय बोलू?"

त्यांनी फीत मागे नेऊन लावली. एक बारीक, घाबरट आवाज म्हणाला, "मी... मी काय बोलू?"

"ही मी आहे?"

आपा आणि अब्बा दोघंही मनसोक्त हसले. पहिल्यांदा ऐकणारं प्रत्येक माणूस हेच विचारतं म्हणे. आपांच्या आईने आतून कढी आणि फुनके पाठवले. तुरीच्या डाळीचे ते वाफवलेले मुटके कढीत बुडवून आम्ही तिथेच रेडिओंच्या मधे बसून खाल्ले.

पाचव्या दिवशी समारोपाला साहेब मंडळी आली. सरांनी पहिल्यांदाच टेप लावला. दोन वाक्यं वाजली, मग आवाज जाड झाला, रडल्यासारखा झाला आणि बंद पडला. झाकण उघडलं तर फीत चाकाला गुंडाळली गेलेली. सरांच्या कपाळावर घाम आला. आपांनी मला कोपराने ढोसलं. "जा."

"तुम्ही जा ना!"

"मला येतं हे मला माहीत आहे. तुम्हाला येतं हे तुम्हालाच माहीत नाही. जा."

मी उठले. हार बाजूला केला, कॅसेट हलकेच काढली, अडकलेली फीत सोडवली आणि वहीतल्या पेन्सिलीने ती गुंडाळली. रुमालाच्या टोकाने तो नखाएवढा तुकडा पुसला. बटण दाबलं, तर टेप स्वच्छ बोलायला लागला. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या.

चहाच्या वेळी सर मुद्दाम माझ्याकडे आले. "बाई, खरं सांगू? मलाही कुणी उघडून दाखवला नव्हता. मला फक्त आकृती दिली होती." पुढच्या तुकडीला त्यांनी आपांना शिकवायला बोलावलं, हे मला नंतर कळलं. मला त्या सरांचं फार कौतुक वाटलं.

गावात परतले आणि गुरुजींना सांगितलं, "गुरुजी, मी टेप उघडलाय. बिघडला तर मी दुरुस्त करीन."

"लिहून द्या."

मी कागदावर लिहून दिलं की बिघाडाची सगळी जबाबदारी माझी. गुरुजींनी चष्मा लावून तो कागद वाचला, कपाटातून टेप काढला आणि टेपच्या जागी तो कागद ठेवून कपाटाला कुलूप लावलं.

शाळेत वीज नव्हती. आठवडे बाजारातून जाड सेल आणले. पहिल्या दिवशी मी सोबत आलेली धड्यांची कॅसेट लावली. आतून एक गोड, शहरी आवाज म्हणाला, "मुलांनो, आज आपण एक छानशी गोष्ट ऐकणार आहोत."

"हाई बाई कोठली शे?" एकाने विचारलं.

"लांबची आहे."

पाहुणे आल्यावर बसतात तशी मुलं अदबीने बसली. थोड्या वेळाने एकेक मान खिडकीकडे वळली. मी कॅसेट बदलली, कोरी घातली आणि लाल बटण दाबलं. "आता तुम्ही बोला." कुणी बोलेना. दुसरीतली एक मुलगी पुढे बसायची. दिवाळीपासून तिने माझ्याशी एक शब्द काढला नव्हता. ती हळूच पुढे वाकली आणि टेपला नाक लावून कुजबुजली, "यामा कोन शे?"

मी फीत मागे नेली. टेप कुजबुजला, "यामा कोन शे?"

तिचे डोळे एवढे मोठे झाले. ती उठली, टेपच्या मागे जाऊन बघून आली, मग पुढून बघितलं आणि छातीवर हात ठेवून ओरडली, "मीच शे! यामा मीच शे!"

त्यानंतर वर्गात जो गोंधळ झाला, तो ऐकून गुरुजी शेजारच्या खोलीतून धावत आले. टेप फुटला असं त्यांना वाटलं होतं. चौतीस मुलांना एकाच वेळी आत जायचं होतं. आणि ती मुलगी, जिला मी मंद समजत होते, ती टेपसमोर मांडी घालून बसली आणि सलग बोलत सुटली. "मन्ही बकरी व्यायनी. दोन पिल्ला व्हयनात. एक काया, एक धवया." बकरी कशी ओरडली, आई कशी धावली, ते पांढरं, धवया पिल्लू आधी उभं राहिलं आणि पडलं, मग पुन्हा उभं राहिलं. मला निम्मं कळलं. पण गोष्ट कुठे सुरू करायची, कुठे थांबायचं आणि कुठे आवाज लहान करायचा, हे त्या सात वर्षांच्या पोरीला माझ्यापेक्षा चांगलं येत होतं.

त्या गडबडीत गणिताच्या तासालाही टेप चालूच राहिला. शाळा सुटल्यावर मी एकटीच वर्गात बसून सगळी फीत ऐकली. त्यात माझा आवाज होता. "सात आणि पाच किती? सांग. सांग लवकर. किती? बारा! बारा म्हणायला काय जातं?"

मी फीत मागे नेली आणि पुन्हा ऐकलं. प्रश्न आणि माझंच उत्तर यांच्यामध्ये एक श्वास घ्यायचीही जागा नव्हती. मुलांना उत्तरं येत नाहीत असं मी इतके महिने समजत होते. मी त्यांना वेळच दिला नव्हता. मला लाज वाटली, हे खरं. पण त्यासोबत एक हलकेपणाही आला. दोष मुलांमध्ये असता तर तो काढायचा कसा, मला माहीत नव्हतं. माझ्यातला मला काढता येण्यासारखा होता.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "आठ आणि सहा किती?" आणि तोंड मिटून मनात आकडे मोजू लागले. एक. दोन. तीन. तो शांतपणा सहन होईना. चार म्हटलं, तेवढ्यात शेवटच्या ओळीतून आवाज आला, "चौदा." मी पुढेही कितीतरी शिबिरं केली, पण मनातल्या मनात पाच मोजायला मी त्या दिवशी शिकले, आणि माझं खरं प्रशिक्षण तेच.

बकरीच्या गोष्टीतलं मला न कळलेलं निम्मं समजून घ्यायला मी टेप घेऊन गुरुजींकडे गेले. ते ऐकू लागले आणि हसू लागले. एकेक शब्द मला सांगता सांगता त्यांना स्वतःलाच एक गोष्ट आठवली. मालकाला कंटाळून एकटीच आठवडे बाजाराला गेलेल्या म्हशीची. ती त्यांनी अहिराणीत सांगितली. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हात हलत होते, भुवया हलत होत्या, म्हैस, मालक, बाजारातली म्हातारी, सगळे त्यांच्या आवाजात येऊन जात होते. हा माणूस माझ्या शेजारच्या खोलीत रोज "सदर पाठात लेखकाने" म्हणत होता.

"गुरुजी, वर्गात असं का बोलत नाही तुम्ही?"

त्यांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "नोकरीला लागलो त्या वर्षी एक साहेब तपासणीला आले होते. मुलांसमोर म्हणाले, मास्तरच गावठी बोलला तर पोरं काय शिकणार? तेव्हापासून चपला काढतो तिथेच ही बोलीपण काढून ठेवतो."

"मग टेपमध्ये बोला. टेपमध्ये बोलणं म्हणजे काही वर्गात बोलणं नव्हे."

हे काही फार पटण्यासारखं कारण नव्हतं, पण त्यांना कारणच हवं होतं. आम्ही असं ठरवलं, की गुरुजींनी टेपमध्ये गोष्ट अहिराणीत सांगायची. ती मुलांनी ऐकायची. मग तीच गोष्ट मी पुस्तकी मराठीत सांगायची, आणि मुलांनी जोड्या लावायच्या. गुरुजींची 'आंडेर' म्हणजे बाईंची 'मुलगी'. गुरुजींचं 'बठ्ठं' म्हणजे बाईंचं 'सगळं'. मुलांना वाटायचं, बाईंना काही येत नाही आणि आपण त्यांना शिकवतोय. तसं ते होतंही. त्या दोन महिन्यांत वर्गात जेवढा आवाज झाला, तेवढा मी आयुष्यात ऐकला नव्हता. 'शाळा' हा शब्द बहुतेकांना नीट लिहिता येऊ लागला. वाचताना निम्मी मुलं अजून 'शाया' म्हणायची. मी पट्टी केव्हाच टाकून दिली होती.

फक्त एक अट गुरुजींनी घातली होती. बोलताना मी समोर थांबायचं नाही. "तुम्ही बघत असलात की जीभ जड होते." मग मी अंगणातल्या कडुलिंबाखाली जाऊन उभी राहायची, आणि ते दार लावून टेपशी बोलायचे.

होळीच्या आधी शेजारच्या मोठ्या गावात शिक्षकांची सभा भरली. आमच्या टेपची बातमी तिथवर गेली होती. विस्तार अधिकारी साहेबांनी निरोप पाठवला, तुमचा पाठ सगळ्यांना दाखवा. गुरुजींनी सदरा इस्त्री करून घेतला. आम्ही ठरवलं होतं, आधी माझ्या आवाजात भरलेली पुस्तकी गोष्ट लावायची, साहेबांना बरं वाटेल. मग जमलं तर पुढचं.

हॉलमध्ये साठ-सत्तर शिक्षक, समोर साहेब. मी चार शब्द बोलले, कॅसेट घातली, बटण दाबलं. आणि गुरुजींचा आवाज आला.

"हॅलो. हॅलो. चालू शे का? लाल दिवा तं पेटना."

बाजू चुकली होती. ही गोष्टसुद्धा नव्हती. मला बाहेर पाठवून ते टेपशी जी तालीम करायचे, ती होती. टेपमधले गुरुजी खाकरले. "बाई बाहेर उभी शे. बाईले वाटस, माले जमाव नही. माले बठ्ठं जमस." हॉलमध्ये खसखस पिकली. मग टेप म्हणाला, "शाळा. शाया. शा-ळा." आणि अगदी खासगीत, "इतला वरीस हुई ग्यात, तरी जीभ वयस नही."

'वळत नाही' म्हणतानाही 'ळ'चा 'य' झालेला ऐकून सगळा हॉल हसला. मी बटणाकडे हात नेला, तर पाठीमागून आवाज आला, "राहू द्या, बाई."

गुरुजी उभे राहिले होते. कान लाल झाले होते, पण हात जोडलेले आणि मान ताठ.

"साहेब, तो मीच आहे. मलाही 'ळ' शिकावा लागला. अजून शिकतोच आहे. माझ्या मुलांनाही वेळ लागणार. एवढंच दाखवायचं होतं." साहेब काही बोलायच्या आत ते आमच्याकडे वळले आणि म्हणाले, "आते मी एक गोट सांगस."

आणि त्यांनी ती म्हशीची गोष्ट सांगितली. टेपमध्ये नाही, तिथेच, सगळ्यांसमोर. जवळजवळ सगळेच शिक्षक घरी अहिराणी बोलणारे आणि शाळेच्या फाटकात ती सोडून येणारे. ते पहिलीतल्या पोरांसारखे ऐकत बसले. म्हैस बाजारात स्वतःचाच भाव विचारते तिथे तर मागच्या ओळीतले दोघं बाकावरून घसरले. मी साहेबांकडे बघत होते. आधी ते हसू दाबत होते, मग त्यांनी दाबणं सोडून दिलं आणि चष्मा काढून डोळे पुसले.

"आमचं गाव नरडाण्याजवळ," ते म्हणाले. "मन्ही माय आशीच बोले." मग चष्मा परत लावला आणि साहेबी आवाजात म्हणाले, "अर्थात परीक्षेत प्रमाण भाषाच पाहिजे, हे लक्षात ठेवा." आणि निघताना मला बाजूला घेऊन, "बाई, म्हशीच्या गोष्टीची कॅसेट असेल तर तिची प्रत मिळेल का?"

प्रती काढायला मी धुळ्याला अब्बांकडे गेले. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून गुरुजींनी वर्गासाठी टेपमध्ये भरलेली म्हशीची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. मग आपांच्या आईला हाक मारून तिलाही ऐकवली. सभेतल्या इतर शिक्षकांनीही मागितल्यामुळे पहिल्या खेपेच्या प्रती आठवड्यात संपल्या. आपांनी एक स्वतःच्या उर्दू शाळेसाठी ठेवली. त्यांची मुलंही गल्लीत अहिराणीच बोलायची.

पुढे मी धुळ्यात शिक्षकांना शिकवायला गेले, नव्वदच्या दशकात तिथे पहिला संगणक आला, आणि त्यावरही मी घाबरलेल्या शिक्षकांचे हात धरून धरून बटणांवर ठेवले. पण तो सगळा काळ वेगळा. मला आठवतं ते गुरुजींचं नोकरीतलं शेवटचं वर्ष.

शनिवारी शाळा सकाळची असायची. दुपारी गुरुजी टेप उपरण्यात बांधून सायकलच्या कॅरिअरला लावायचे आणि आसपासच्या शाळांमध्ये शिकवायला जायचे. ज्या माणसाने महिनाभर टेप कुलपात ठेवला होता, तो आता चार गावच्या मास्तरांच्या हातात स्क्रू ड्रायव्हर देत होता. कधी कधी मीही जायची. एकदा आम्ही डोंगरातल्या एका वस्तीशाळेत गेलो. तिथली मुलं अहिराणीही बोलत नव्हती. त्यांची त्यांची डोंगरातली वेगळी बोली होती. तिथला तरुण शिक्षक वैतागलेला होता. "गुरुजी, यांना तुमची गोष्टही कळायची नाही."

गुरुजींनी म्हशीची कॅसेट खिशात ठेवून दिली. कोरी कॅसेट घातली, लाल बटण दाबलं आणि टेप मुलांच्या मधोमध ठेवला. स्वतः त्यांच्यासोबत जमिनीवर मांडी घातली. समोरच्या डोंगराकडे, मग झाडाकडे, मग आपल्या टोपीकडे बोट दाखवून ते खुणेने विचारू लागले, याला काय म्हणता? एका मुलीने लाजत एक शब्द सांगितला. गुरुजींनी तो म्हणून बघितला. मुलं हसली. त्यांनी पुन्हा म्हटला. मुलं अजून जोरात हसली आणि सगळ्यांनी मिळून तो शब्द त्यांना एकेक अक्षर सावकाश फोडून सांगितला.

"पुन्हा एकदा सांगा," गुरुजी म्हणाले आणि सातव्या-आठव्या खेपेला त्यांना तो जमला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्या तरुण शिक्षकाने स्वतःची वही काढली, आमच्या शेजारी जमिनीवर बसला आणि झाडाकडे बोट दाखवून मुलांना विचारलं, "आणि याला?"